थंडीपूर्वी तळ्यातील कोई: रंगांची ओळख आणि रोडावलेल्या माशांचा खुराक

वाचकांचे प्रश्न

घराच्या तळ्यात कोई मासे पाळणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील तीन पत्रे संक्षेपाने छापून त्यांना उत्तरे देत आहे. पहिले पत्र निकडीचे असल्याने त्याचे थोडक्यात उत्तर आधीच कळवले होते. येथे ते सविस्तर देतो.

प्रश्न: स.न.वि.वि. आम्ही या उन्हाळ्यात मध्य न्यू जर्सीत घर घेतले. घरामागे 12 फूट लांब, 8 फूट रुंद आणि मधोमध 4 फूट खोल असे तळे आहे आणि आधीचे मालक त्यात नऊ मासे सोडून गेले आहेत. एक पांढरा असून त्यावर लाल व काळे ठिपके आहेत, पण डोक्यावर काळा रंग नाही. एक बराचसा काळा आहे, त्यावर लाल-पांढरे पट्टे आहेत. एक पांढऱ्यावर लाल, एक पाठीवर निळसर जाळी व पोटाकडे नारिंगी, दोन सरळ तपकिरी आणि एक संपूर्ण सोनेरी. आठव्याला खवले जवळजवळ नाहीत. तो ऑगस्टमध्ये पांढरा होता आणि आता काळा पडत चालला आहे. नववा लहान, निळा-लाल-काळा ठिपकेदार आहे. हे कोणते प्रकार आहेत? दुसरे असे की, लाल-पांढरा आणि निळसर जाळीचा हे दोघे फार बारीक दिसतात. डोके मोठे आणि मागचे अंग निमुळते. दोघेही साधारण 14 इंचांचे आहेत. शेजारी सांगतात की बर्फ पडण्यापूर्वी त्यांना भरपूर खाऊ घाला. दुकानदाराने जास्त प्रथिनांचे खाद्य दिले आहे. ऑक्टोबर सुरू झाला आहे, काय करावे? – एक वाचक दांपत्य, न्यू जर्सी

उत्तर: आपण रंगांचे आधी विचारले आहे, परंतु मी क्रम उलटा ठेवतो. रंग ओळखायला पुढे वर्षे पडली आहेत. त्या दोन रोडावलेल्या माशांसाठी मात्र आपल्या हाती फार तर चार-पाच आठवडे आहेत.

कोई हा कार्प जातीचा मासा आहे. महाराष्ट्रातील मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याचाच रंगीत भाऊबंद. या माशांना जठर नसते. अन्न घशातील दातांनी भरडले जाते आणि तेथून थेट आतड्यात उतरते, त्यामुळे एकाच वेळी पोटभर खाऊन ते साठवून ठेवण्याची सोय त्यांच्या शरीरात नाही. शिवाय माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते-उतरते आणि पचनाचा वेगही त्याबरोबरच बदलतो. म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला अर्धाच खरा आहे. थंडीत मासा शरीरातील चरबीवर आणि यकृतातील साठ्यावर तग धरतो हे बरोबर आहे, पण तो साठा उन्हाळ्याच्या आणि शरदाच्या सुरुवातीच्या उबदार पाण्यात व्हावा लागतो. गार झालेल्या पाण्यात ओतलेले जादा खाद्य अंगी लागत नाही. ते अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते, आणि नेमक्या त्याच वेळी, म्हणजे पाणी 10 अंशांच्या जवळ येऊ लागले की, अमोनियाचे रूपांतर करणारे गाळणीतील जीवाणूही मंदावतात.

म्हणून आज पहिली खरेदी तळ्याच्या थर्मामीटरची करावी आणि तो दोन-तीन फूट खोल सोडून सकाळी व दुपारी तापमान लिहून ठेवावे. हवेच्या तापमानावरून अंदाज बांधू नये. पाणी 18 ते 20 अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटने 64 ते 68, असेल तर दुकानदाराने दिलेले 35 ते 40 टक्के प्रथिनांचे खाद्य दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे देता येईल. ते 15 अंशांच्या, म्हणजे 59 फॅरनहाइटच्या, खाली घसरू लागले की ते खाद्य बंद करून गव्हाच्या अंकुरापासून केलेले पचायला हलके खाद्य सुरू करावे, तेही दिवसातून एकदाच आणि पाणी सर्वांत उबदार असते त्या दुपारच्या वेळी. 12 अंशांच्या खाली एक-दोन दिवसांआड चिमूटभर पुरे. 10 अंश, म्हणजे 50 फॅरनहाइट, आले की मी खाद्य पूर्ण थांबवतो. काही अनुभवी पालक 8 अंशांपर्यंत अधूनमधून देतात, परंतु नव्या माणसाने 10 ची रेषा पाळावी असे मला ठामपणे वाटते. मध्य न्यू जर्सीत ही रेषा बहुधा नोव्हेंबरात ओलांडली जाते. उपाशी राहिल्याने निरोगी कोई हिवाळ्यात मरत नाही. थंड पाण्यात त्याची गरजच अगदी थोडी असते.

आता ते दोन मासे. बारीक मासा वरून पाहावा. निरोगी कोई वरून पाहिला असता खांद्यापाशी डोक्याहून रुंद असतो आणि शेपटीकडे हळूहळू निमुळता होत जातो. कल्ल्यांच्या झाकणांमागे अंग एकदम आत गेलेले असेल, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस उतरले असेल किंवा डोळे खोल गेले असतील तर तो खरोखर रोडावला आहे. नजरेवर भरवसा न ठेवता वजन करावे. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तळ्याच्या पाण्याची अर्धी भरलेली बादली ठेवून काटा शून्यावर आणावा, मऊ जाळीने माशाला आधी तळ्यातच पसरट टबात वळवावे आणि ओल्या हातांनी आधार देऊन त्यातून बादलीत सोडावे. जाळीतच उचलून लटकवू नये, कारण त्याने खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. साधारण प्रमाण असे, की सेंटिमीटरमधील लांबीचा घन दीडने गुणून 100 ने भागला की ग्रॅममधील अपेक्षित वजन मिळते. त्या हिशेबाने 30 सेंटिमीटरचा कोई 400 ग्रॅमच्या आसपास आणि आपले 14 इंची, म्हणजे सुमारे 35 सेंटिमीटरचे मासे, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास असायला हवेत. 500 च्या खाली असतील तर त्यांना बाहेरच्या हिवाळ्यात सोडण्याचा धोका मी पत्करणार नाही.

रोडावण्याचे कारण मात्र आधी शोधायला हवे. दोन-तीन दिवस खाद्य टाकताना नुसते उभे राहून पाहावे. मासा पुढे येतच नसेल, किंवा येईपर्यंत सगळे संपत असेल, तर त्याला वाटा मिळत नाही. आपल्या तळ्यात हीच शक्यता मला अधिक वाटते, कारण ते दोन तपकिरी मासे चागोई आहेत. चागोई हा कोईंमधील सर्वांत माणसाळणारा, खादाड आणि झपाट्याने वाढणारा प्रकार आहे. तो हातातून खाऊ लागतो आणि लाजऱ्या माशांच्या तोंडचेही पळवतो. अशा वेळी एका कोपऱ्यात तरंगणारे खाद्य टाकून चागोईंना तिकडे गुंतवावे आणि विरुद्ध बाजूला बुडणारे खाद्य थोडे थोडे सोडावे. त्याहून चांगले म्हणजे त्या दोघांना तळ्यातच तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात वेगळे करावे. पाणी तेच राहते, ताण कमी होतो आणि कोण किती खातो हे डोळ्यांना दिसते.

मासा पुढे येऊन भरपूर खातो आणि तरीही वाळतो, असे असेल तर प्रश्न वेगळा आहे. आतड्यातील पट्टकृमी, कल्ल्यांवरचे व कातडीवरचे सूक्ष्म कृमी, दीर्घकाळचा जीवाणू संसर्ग ही नेहमीची कारणे आहेत. मासा तळाशी किंवा दगडांवर अंग घासतो का, एक कल्ला मिटून ठेवतो का, विष्ठा पांढरी व धाग्यासारखी आहे का, हे पाहावे. माशांचे पशुवैद्य अमेरिकेत मिळतात. त्यांच्याकडून अंगावरच्या बुळबुळीत थराचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. कृमी आढळल्यास प्राझिक्वांटेल हे औषध दिले जाते. काही कृमींच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने ते ठरावीक अंतराने पुन्हा द्यावे लागते, आणि गार पाण्यात अंडी सावकाश फुटत असल्याने हे अंतर लांबते. म्हणून तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नये. अंदाजाने कोणतेही औषध तळ्यात ओतू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाळलेल्या माशाचा कणा वाकलेला असेल आणि अंगावर न भरणाऱ्या जखमा असतील तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. त्याच गटातील जीवाणू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून त्वचारोग करतात, तेव्हा अशा माशाला हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये.

वजन 500 ग्रॅमच्या खाली भरले आणि रोग नाही असे ठरले, तर दोघांना तळघरात किंवा गॅरेजमध्ये किमान 1000 लिटरच्या टाकीत हिवाळाभर ठेवावे. टाकी तळ्याच्याच पाण्याने भरावी, तळ्याच्या गाळणीतील जुने, जीवाणूंनी भरलेले स्पंज किंवा जाळ्या तिच्या गाळणीत घालाव्यात, हवेचा पंप लावावा आणि वर जाळी घट्ट बांधावी, कारण नव्या जागी कोई हमखास उडी मारतो. पाणी दिवसाला एखाद्या अंशाहून अधिक न वाढवता हळूहळू 18 ते 20 अंशांवर आणावे. मग रोजचे खाद्य माशाच्या वजनाच्या 1 टक्का, म्हणजे 450 ग्रॅमच्या माशाला साधारण साडेचार ग्रॅम, चार-पाच वेळांत विभागून द्यावे. जोडीला सोललेले उकडलेले वाटाणे, गांडुळे, कधी बारीक चिरलेली कोळंबी चालते. पाव, पोळी आणि मांसाची चरबी देऊ नये. जपानच्या निइगाता प्रांतामध्ये रेशमाच्या कोशातील किडे कोईंना खाऊ घालण्याची रीत आहे आणि ते चरबीने समृद्ध असल्याने बारीक माशाला उपयोगी पडतात, परंतु रोजच्या खाद्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक देऊ नयेत, नाहीतर यकृतात चरबी साठते. अमोनिया आणि नायट्राइट पहिला महिनाभर एक दिवसाआड तपासावेत. दोन्ही शून्य असले पाहिजेत. अनेक अमेरिकी शहरांच्या नळाच्या पाण्यात क्लोरॅमीन हे जंतुनाशक असते आणि ते पाणी नुसते उघडे ठेवून उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना त्यासाठीचे द्रावण वापरावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: आत आणलेला मासा हिवाळ्याच्या मध्यावर बाहेर सोडू नये. तळे वसंतात टाकीइतके उबदार होईपर्यंत त्याने आतच राहावे.

यात आपण काही अतिरेक करत आहोत असे वाटून घेऊ नये. कोईंचे माहेर असलेल्या निइगाता प्रांतातील यामाकोशी आणि ओजिया या डोंगराळ भागात, जेथे कित्येक फूट बर्फ साचतो, तेथील पैदासकार ऑक्टोबरात डोंगरावरची मातीची तळी उपसतात आणि निवडक मासे हिवाळ्यासाठी छताखालच्या हौदांत नेऊन ठेवतात. 23 ऑक्टोबर 2004 रोजी त्या भागात मोठा भूकंप झाला तो याच हंगामात; अनेक तळी फुटली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मासे गेले. आज आपण पाहतो ते बरेचसे प्रकार ज्या गावांनी घडवले, त्यांना तो व्यवसाय पुन्हा उभा करावा लागला, हे कोई पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

आता रंगांकडे वळू. पांढऱ्या अंगावर लाल आणि काळे, पण डोक्यावर काळा नाही, तो ताइशो सांके. त्याचा काळा रंग ठिपक्यांच्या रूपात बहुधा पाठीच्या वरच्या भागात असतो. ज्याचे मूळ अंग काळे आहे आणि काळा पट्टा डोक्यावरून जाऊन पोटाकडे वळतो, तो शोवा. त्याच्या छातीजवळच्या परांच्या मुळाशी काळा डाग असतो, तर सांकेच्या परांवर असल्यास बारीक काळ्या रेषा असतात. हे दोन प्रकार नवखे पालक नेहमी एकमेकांत मिसळतात. डोके आणि पर एवढे दोनच भाग पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. सांके ताइशो काळात, म्हणजे 1912 ते 1926 दरम्यान, नावारूपाला आला, शोवा त्यानंतरचा. पांढऱ्यावर फक्त लाल असलेला कोहाकू. लाल ठिपका केवळ डोक्यावर असता तर त्याला तांचो म्हटले असते. पाठीवर निळसर जाळी आणि गालांवर, पोटावर, परांच्या मुळांशी नारिंगी असलेला आसागी, हा फार जुन्या प्रकारांपैकी एक. सोनेरी मासा ओगोन. त्याची चमक लिंबासारखी पिवळी असेल तर यामाबुकी ओगोन. खवले नसलेला आणि रंग बदलणारा तो कुमोनर्यू. त्याचा काळा रंग पाण्याच्या तापमानाबरोबर येतो-जातो आणि पुष्कळदा थंडीत गडद होतो. तो आजारी नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वेगळा दिसेल आणि दर ऋतूत त्याचे छायाचित्र काढून ठेवण्यात मोठा आनंद आहे.

नवव्याचे तोंड जवळून पाहा. कोईच्या ओठांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या असतात. त्या अजिबात नसतील तर तो शुबुनकिन, म्हणजे गोल्डफिशचा प्रकार आहे. तो कोईंबरोबर सुखाने हिवाळा काढतो, पण खाताना मागे पडतो, तेव्हा बुडणाऱ्या खाद्याचा वाटा त्यालाही मिळेल असे पाहावे.

रंग ओळखण्याचा खरा उपयोग मला येथे दिसतो: कोणता रंग माशाचा आणि कोणता दुखण्याचा, हे कळू लागते. कोहाकूच्या पांढऱ्या कातडीवर किंवा परांमध्ये लाल बारीक शिरा उमटल्या तर तो नवा ठिपका नसून ताणाची खूण आहे. त्याच दिवशी अमोनिया, नायट्राइट आणि तापमान तपासावे. शोवाच्या काळ्या अंगावर दुधाळ पडदा दिसला तर तो अंगावर वाढलेला बुळबुळीत थर आहे आणि त्यामागे परजीवी किंवा खराब पाणी असते. गार पाण्यात काही माशांच्या परांवर मेणाचे थेंब गोठल्यासारखे गुळगुळीत उंचवटे येतात. तो कार्प पॉक्स नावाचा विषाणूजन्य विकार असून पाणी उबदार झाले की बहुधा ओसरतो. तो नखाने खरवडू नये.

प्रश्न: आमच्या नाशिकच्या बंगल्यात 3000 लिटरचा सिमेंटचा हौद आहे. त्यातील कोहाकूंचा लाल रंग नारिंगी झाला आहे. दुकानदार रंग वाढवणारे खाद्य घ्यायला सांगतो. सध्या आम्ही शेंगदाण्याची पेंड आणि पोळीचे तुकडे देतो. दोन मासे हडकुळे आहेत. थंडीत त्यांचे काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्याकडची थंडी वेगळी आहे आणि परदेशी पुस्तकांतील सगळे नियम तिला लागू करू नयेत. निफाडचा पारा एखाद्या पहाटे 5 अंशांच्या खाली गेला तरी जमिनीतील खोल हौदाचे पाणी तेवढे उतरत नाही. डिसेंबर-जानेवारीत ते बहुधा पंधरा ते विसाच्या घरात खेळते. म्हणजे खाद्य बंद करण्याची वेळ नाशिकात सहसा येत नाही. प्रमाण निम्म्यावर आणावे, सकाळी लवकर खाऊ घालणे टाळावे आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास द्यावे. हौद उथळ किंवा गच्चीवर असेल तर पाणी रात्रीत बरेच उतरते आणि दुपारी तितकेच चढते. ही रोजची चढउतार माशाला सलग गारठ्यापेक्षा अधिक थकवते, म्हणून रात्री वर ताडपत्री किंवा जाड थर्मोकोल अंथरावा, मात्र हवेचा पंप चालू ठेवावा.

हडकुळेपणाचे कारण आपल्या पत्रातच आहे, असे माझे मत आहे. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा हे मत्स्यशेतीत पूरक खाद्य म्हणून चालते, कारण तेथे शेततळ्यातील प्लवक, किडे आणि तळचे जीव माशाला आधीच मिळत असतात. सिमेंटच्या हौदात यातले काहीच नसते. तेथे पेंड आणि पोळी एवढ्यावर ठेवलेला कोई पोट भरूनही जीवनसत्त्वे आणि चांगल्या प्रथिनांवाचून वाळतो. शिवाय पेंड जुनी किंवा दमट असेल तर तिच्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवते. पोळी आजच बंद करावी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपल्याकडे वजन भरून काढण्याचे उत्तम महिने आहेत. पाणी 22 ते 26 अंशांचे असते, पचन उत्तम चालते. या काळात चांगल्या बांधणीचे 35 टक्के प्रथिनांचे गोळी खाद्य दिवसातून चार वेळा, दर वेळी पाच मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. दिवाळीपासून मकरसंक्रांतीपर्यंत दर पंधरा दिवसांनी वजन करून ते वहीत लिहावे.

लाल रंगाविषयी: माशाला लाल रंगद्रव्य स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातून यावे लागते. पेंड-पोळीत ते नाही. स्पिरुलिना हे शेवाळ आणि ॲस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य असलेले खाद्य त्यासाठीच असते आणि ते उपयोगीही पडते, पण प्रमाण सुटले तर पांढरे अंग पिवळट किंवा गुलाबी होते. चारांपैकी एका वेळचे खाद्य तेवढे रंगाचे असावे आणि थंडी वाढली की तेही थांबवावे. हडकुळ्या माशांना रंगाचे खाद्य देण्याची घाई नको. आधी अंग भरू द्या. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तापलेल्या पाण्यानेही लाल फिका पडतो, तेव्हा हौदाच्या निम्म्या भागावर हिरवी जाळी बांधावी. काही माशांचा लाल रंग मुळातच टिकाऊ नसतो. तो वंशाचा भाग आहे, त्याला खाद्याचा इलाज नाही. बोअरवेलचे पाणी जड असल्यास काळा रंग बहुधा अधिक पक्का होतो, म्हणून सांके आणि शोवा आपल्याकडे चांगले दिसू शकतात; मात्र बोअरचे पाणी हौदात सोडण्यापूर्वी उंचावरून पाडून त्यात हवा मिसळू द्यावी, कारण त्यात प्राणवायू अगदी कमी असतो.

आणखी एक विनंती. मासे फार झाले किंवा नकोसे झाले म्हणून ते गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडू नका. कार्प तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांच्या अंड्यांवर व अन्नावर गदा आणतो. एखाद्या जाणत्या पालकाला ते द्यावेत.

प्रश्न: आमचे तळे इंग्लंडमध्ये लीड्सजवळ आहे. गेल्या जानेवारीत वर बर्फाचा पापुद्रा धरला आणि मासे तळाशी निश्चल होते. एका उन्हाच्या दिवशी दोघे वर येऊन तोंड उघडू लागले. भूक लागली असेल म्हणून खाऊ घालावे काय? – एक वाचक, लीड्स

उत्तर: घालू नये. एखाद्या उन्हाच्या दुपारी वरचा थर दोन अंशांनी तापतो आणि मासा वर येतो, पण रात्री पाणी पुन्हा 4-5 अंशांवर जाते आणि खाल्लेले आतड्यात तसेच अडकून राहते. तोंड उघडणे वारंवार होत असेल तर प्राणवायू कमी आहे का ते पाहावे. तळाशी कुजणारी पाने हे त्याचे नेहमीचे कारण असते. म्हणून पानगळीपूर्वीच तळ्यावर जाळी ताणावी.

पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे बर्फाखाली तळाशी तेवढी ऊब टिकते आणि मासे तेथे थांबतात. ही ऊब मोडू नये म्हणून हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड, तळाशी न ठेवता पृष्ठभागापासून फूटभर खाली टांगावा. त्याने बर्फात एक भोक उघडे राहते आणि तळचे पाणी ढवळले जात नाही. बर्फ हातोडीने फोडू नये. त्याचा हादरा माशांना बसतो. गरम पाण्याचे भांडे बर्फावर ठेवून भोक वितळवावे.

वसंतात खाद्य सुरू करण्याचीही घाई नको. सकाळचे पाणी सलग आठवडाभर 10 अंशांच्या वर राहिले की गव्हांकुराचे खाद्य चिमूटभर द्यावे आणि पाणी 15 अंशांवर स्थिरावेपर्यंत प्रथिने वाढवू नयेत. हाच काळ सर्वांत नाजूक असतो, कारण रोगजंतू जागे होतात आणि माशाची प्रतिकारशक्ती अजून मंद असते. नवे मासे आणायचे असतील तर ते किमान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावेत आणि त्या टाकीचे पाणी काही आठवडे 20 अंशांच्या वर असावे. कोई हर्पीस विषाणू साधारण 16 ते 28 अंशांच्या दरम्यान आपले रूप दाखवतो. गार टाकीत ठेवलेला बाधित मासा निरोगी दिसतो आणि तळ्यात सोडल्यावर उन्हाळ्यात सगळे तळे संपवतो. ब्रिटनमध्ये हा रोग अधिसूचित आहे, म्हणजे संशय आला तरी सरकारी मत्स्य आरोग्य विभागाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हिवाळ्यातून बाहेर आलेल्या प्रत्येक माशाचे वजन या वेळी घ्यावे आणि ज्याचे वजन शरदातील नोंदीपेक्षा दहाव्या हिश्शाहून अधिक घटले असेल, त्याला वेगळे काढून तपासणीला न्यावे.